दोनाची गवाही

परभणी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. दीपिका,

अनेक आशीर्वाद. माझे कान आता पूर्ण गेले. फोन कानाला लावून नुसतं बसून राहण्यात अर्थ नाही, म्हणून पत्र. परभणीत पत्र लिहिणारा मीच शेवटचा असेन. पोस्टातला माणूस पाकीट घेताना माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतो. बघू दे.

काम असं आहे. पाडव्याला माझं सहस्रचंद्रदर्शन करायचं घाटतंय. मी नको म्हणून पाहिलं, पण बहिऱ्याशी वाद घालायला कुणी थांबत नाही. सगळे मान डोलावतात आणि आपल्याला हवं तेच करतात. माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय की शाळेच्या फाटकाशी एक काळा दगड बसवायचा आणि त्यावर माझी संख्या कोरायची. तीच, २३६११८३२४१४३४८२२६०६८४७. तू सातवीत असताना मी ती फळ्यावर लिहिली होती आणि तू उभ्या उभ्या पाठ केली होतीस.

तिची जन्मकथा तुला सांगितली आहे, तरी पुन्हा सांगतो, म्हातारपणाला एवढी सूट दे. मी शाळेत रुजू झालो ते साल एकाहत्तर. दोन एकाहत्तर वेळा मांडून गुणायचे आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा, की ही बावीस अंकी संख्या येते. ती मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाच भाग जात नाही, असं मी चौपन्न वर्षं मानत आलो. मानत आलो ते हैदराबादला शिकलेल्या माझ्या गुरूंनी दिलेल्या कसोटीवर. ते म्हणायचे, संख्या मोठी असेल तर भाजक शोधत बसू नकोस, दोनाची गवाही घे. दोनाचा घात घ्यायचा, तोही त्या संख्येपेक्षा एकाने कमी एवढा मोठा, आणि संख्येने भागायचं. बाकी एक उरली की संख्या मूळ. मी घेतली. एवढं मोठं गणित, पण दोन पानांत सुटलं आणि बाकी एक उरली. त्या सहजपणाने मी हरखून गेलो होतो.

आता मनातलं सांगतो, हे घरात कुणाला बोललो नाही. पुढे एकदा ग्रंथालयातल्या पुस्तकात अशा संख्यांची यादी पाहिली. तिच्यात एकसष्टनंतर एकदम एकोणनव्वद होतं. एकाहत्तर नव्हतं. छापणाऱ्याचं राहून गेलं असेल म्हणून मी पुस्तक मिटलं. पण दगडावर कोरायचं म्हटल्यावर ते पान डोळ्यांपुढे यायला लागलं आहे.

तुझ्याकडे यंत्रं आहेत आणि तू त्याच विषयात डॉक्टर झालीस. तपासून दे. चूक असेल तर संकोच न करता चूक म्हण. दगड कोरायच्या आधी कळलं तर मी हसेन आणि नुसतं नाव कोरून घेईन. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर माझा भरवसा नाही.

तुझा आबा, ग्यानबा, परवा बाजारात भेटला. मेंढरं पिंगळीच्या शिवारात बसवली आहेत म्हणाला. म्हणजे तसं म्हणाला असावा.

तुझा,
विष्णुपंत

~

पुणे,
१८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

सा. नमस्कार.

तुम्ही संकोच करू नको म्हणालात, म्हणून आधी उत्तर लिहिते. संख्या मूळ नाही. तिला २२८४७९ ने भाग जातो, बाकी काही उरत नाही. तुम्ही स्वतः एकदा भागून पाहा, पानभर काम आहे. यंत्रावर विश्वास ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्हीच तसं शिकवलेलं नाही.

पुस्तकातली यादी बरोबर होती. चूक तुमच्या आकडेमोडीतही नाही. चूक गवाही कुणाची घेतली त्यात आहे. दोनाची बाकी एकापेक्षा वेगळी आली असती तर संख्या फुटणारी आहे हे पक्कं झालं असतं. पण एक उरली म्हणून मूळ आहे असं पक्कं होत नाही, एवढंच कळतं की या साक्षीदाराला काही सापडलं नाही. आणि हा साक्षीदार तर घरचाच, सर. तुमची संख्या दोनांचीच बनलेली. एकाहत्तरच्या जागी कुठलीही मूळ संख्या घ्या, दोन तिच्या बाजूनेच बोलणार. अकरा घेऊन पाहा. दोन अकरा वेळा गुणून एक वजा केला की २०४७. दोन म्हणतो मूळ आहे. आणि ते तर तेवीस गुणिले एकोणनव्वद. तेच तीनाला विचारलं की तो लगेच नाही म्हणतो. म्हणून तुमचं गणित दोन पानांत सुटलं.

हे उत्तर मलाही आवडलेलं नाही. पण ओसरीवर बसवून तुम्ही मला पहिली गोष्ट शिकवलीत ती हीच, की उत्तर आवडलं नाही म्हणून बदलत नाही. शाळेने दगडावर तुमचं नाव कोरावं. त्याला कुणाच्या भागाची भीती नाही.

पाडव्याला मला यायला जमणार नाही, परीक्षा आहेत. आबांना पाठवते.

तुमची विद्यार्थिनी,
दीपिका

~

परभणी,
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपिका,

मी सुनेत्रा, सरांची सून. तू आमच्या ओसरीवर शिकायला यायचीस तेव्हा तुला पाणी द्यायची ती. फोनवर हे बोलता येणार नाही, घरात सतत कुणी ना कुणी असतं, म्हणून ऑफिसात बसून लिहीत आहे.

तुझं पाकीट पोस्टमनकडून मी सही करून घेतलं आणि फोडलं. रागावू नकोस. त्यांच्या नावाची सगळी पाकिटं मीच फोडते, बँकेची, पेन्शनची, दवाखान्याची. वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यांना दिलेलं नाही.

तुला तिथे बसून खरं लिहिणं सोपं आहे. सासूबाई गेल्यापासून हा माणूस आठ-आठ दिवस बोलत नाही. हे नांदेडला नोकरीला, शनिवारी येतात, रविवारी जातात. अंघोळीचं पाणी काढण्यापासून रात्रीच्या गोळीपर्यंत सगळं माझ्याकडे. गेल्या महिन्यात दगडाचं ठरलं आणि त्यांनी स्वतःहून भाकरी मागितली. किती दिवसांनी ते मलाच माहीत. त्यांच्या आयुष्यात दुसरं काही नाही, ना पुस्तक लिहिलं, ना पैसा केला. एक आकडा आहे. तो तू पानभर गणिताने काढून घेतेस.

दगडावरचा आकडा कोण तपासणार आहे? शाळेतली पोरं? येणारे-जाणारे? कुणाचं काय बिघडणार आहे? दोन ओळी लिहून पाठव, आकडा बरोबर आहे म्हणून. तुमच्यासारख्या मुलीसाठी त्यांनी किती केलं ते तू विसरली नसशीलच.

सुनेत्रा

~

पुणे,
२७ फेब्रुवारी २०२५

सुनेत्राकाकू,

तुम्ही त्यांचं किती करता हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण माझं पत्र त्यांचं आहे. ते त्यांना द्या.

सरांनी मला खरं विचारलं आहे. बरं वाटेल असं काही सांग म्हणाले असते तर मी पुण्याहून पेढे पाठवले असते. त्यांना शंका आहे, काकू. ते तुमच्यापाशी बोलले नाहीत, माझ्यापाशी बोलले. ज्या माणसाने चौपन्न वर्षांनी स्वतःच्या संख्येवर शंका घ्यायचं धाडस केलं, त्याला तुम्ही लहान मूल समजता.

आणि "तुमच्यासारख्या मुलीसाठी" हे वाचलं. माझ्यासारखी मुलगी तुमच्या ओसरीवर शिकली, ओसरीच्या आत कधी आली नाही. पाणी तुम्ही दिलंत, तांब्या उंच धरून, ओंजळीत. सरांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या तांब्यातलं पाणी ते मला देऊ लागले. मी विसरलेले नाही, दोन्ही.

दोन ओळी मी लिहिणार नाही.

दीपिका

~

परभणी,
२ एप्रिल २०२५

चि. दीपिका,

अनेक उत्तम आशीर्वाद. पाडव्याचा कार्यक्रम झाला आणि तीन दिवस मी नुसता बसून आहे, पण हे बसणं वेगळं आहे.

तुझं पत्र वेळेवर मिळालं. टाइप केलेलं आणि दोनच ओळींचं, पण त्या दोन ओळींसाठी मी महिनाभर टपालाची वाट पाहिली होती. "संख्या तपासली. ती मूळ आहे." मला वाटलं होतं तू पानभर पाल्हाळ लावशील. मोठ्या गावात राहून माणूस कमी शब्दांत बोलायला शिकतो, चांगलं आहे. सुनेत्राने पत्र हातात दिलं तेव्हा तिचेही डोळे भरले होते. ती माझ्या गणिताला इतका जीव लावून असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दगड सुरेख झालाय. वर माझं नाव, मध्ये संख्या, आणि खाली मी मुद्दाम कोरून घेतलं, "पडताळणी : डॉ. दीपिका ग्यानबा गडदे". मुख्याध्यापकांनी पाटीवर लिहिलं होतं, फक्त तुमचं नाव पुरे. मी म्हणालो, साक्षीदाराचं नाव नसेल तर गवाहीला काय अर्थ. पडदा ओढायला ग्यानबाला पुढे बोलावलं. खांद्यावर घोंगडी तशीच. पडदा ओढल्यावर त्याने विचारलं असावं, यातलं माझं नाव कुठं हाय. मी त्याचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. टाळ्या वाजल्या असाव्यात, मला हात हलताना दिसले.

आता हाताला काही काम नाही, म्हणून एक ठरवलंय. दोनाची गवाही झाली, तुझी झाली, आता तीनालाही विचारून पाहतो. गरज म्हणून नाही, हौस म्हणून. तीनाचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, दर वेळी आपल्या संख्येने भागून बाकी घ्यायची, असं एकाहत्तर वेळा. संख्या मूळ असल्यामुळे शेवटी बरोबर नऊ उरतील. बावीस अंकी गुणाकार आहेत, रोज एकच जमेल. पण ते नऊ आपल्या हाताने काढायचे आहेत.

तुझा,
विष्णुपंत

~

पुणे,
८ एप्रिल २०२५

सुनेत्राकाकू,

सरांचं पत्र आलं. त्या दोन ओळी कुणी लिहिल्या?

दगडावर माझं नाव आहे, काकू. माझ्या बापाचं आहे. मी जे नाही म्हणाले ते माझ्या नावाने तुम्ही दगडात कोरायला लावलंत. मी सरांना आजच सगळं लिहू शकते, आणि ते पाकीट तुम्ही फोडू नये म्हणून रामकिशनच्या हाती पाठवू शकते. माझा भाऊ झरीहून तासाभरात तुमच्या दारात येईल.

उत्तर द्या.

दीपिका

~

परभणी,
१४ एप्रिल २०२५

दीपिका,

मीच लिहिल्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. खाली तुझं नावही मीच घातलं. दगडावर ते येईल हे मला कुठे माहीत होतं? त्यांनी परस्पर सांगितलं.

पाठव रामकिशनला. मी दार उघडीन आणि त्याला आत बसवून चहा देईन. सरांना सांग की त्यांचा आकडा खोटा आहे, दगड खोटा आहे, पाडवा खोटा होता आणि त्यांना दोन वेळ जेवायला घालणारी सूनही खोटी. मग ते जेवणार कुणाच्या हातचं, तेही सांग. तू नेणार आहेस का त्यांना पुण्याला?

ते सकाळी सहाला उठून आकडेमोड करतात. जुन्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजू वापरतात. जेवायला हाक मारावी लागते, म्हणजे खांदा हलवावा लागतो. परवा मला एक गुणाकार दाखवून हसले. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ते माझ्याकडे बघून हसले असं हे पहिल्यांदाच.

आता तू ठरव. मी काही म्हणणार नाही.

सुनेत्रा

~

पुणे,
२० एप्रिल २०२५

आदरणीय सर,

सा. नमस्कार. कार्यक्रमाची हकिगत वाचून खूप आनंद झाला. आबांनी घोंगडी काढायला हवी होती, असं मायने त्यांना सुनावलं म्हणे.

तीनाच्या कसोटीचं वाचलं. मला विचाराल तर नका करू. परभणीचा उन्हाळा, त्यात तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर्षच झालंय. बावीस अंकी गुणाकार म्हणजे डोळ्यांवर ताण. झालं ते पुरे आहे, आता विश्रांती घ्या.

इकडे मी बरी आहे. कामाची गडबड आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमची विद्यार्थिनी,
दीपिका

~

परभणी,
६ जुलै २०२५

दीपिका,

नऊ उरले नाहीत.

काल दुपारी शेवटचा भागाकार झाला. बावीस अंकी भलतंच काहीतरी उरलं. माझंच चुकलं असेल म्हणून आज सकाळपासून पहिल्या पानापासून ताळे घेतले, नवाचा घेतला, अकराचा घेतला. सगळे जुळतात. बेरीज-वजाबाकीत मी म्हातारा झालेलो नाही. संख्या मूळ नाही.

तिला तोडणारा भाजक कोण, ते ही कसोटी सांगत नाही. एवढंच सांगते की कुणीतरी आहे. मला तो शोधायचाही नाही आता.

संख्या गेल्याचं मला दुःख आहे, पण ते मी सोसलं असतं. फेब्रुवारीत मी तुला विचारलं तेव्हा अर्धा तयार होतोच. मी लिहिलं होतं, चूक असेल तर हसेन. खरंच हसलो असतो. तुझ्याकडे यंत्रं आहेत. ज्याला मला तीन महिने लागले ते तुला चहा निवायच्या आत कळलं असणार. कळलं, आणि तू मला लिहिलंस, ती मूळ आहे. दोन ओळी टाइप करून. हाताने लिहायला लाज वाटली असेल. आणि मी तीनाला विचारतो म्हणालो तर तू डोळ्यांचं कारण सांगून मला थांबवायला निघालीस. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी तर मायेने सांगते आहेस असं समजून ते पत्र उशाखाली ठेवलं होतं.

तुला माझी दया आली. आयुष्यभर माझी दया सगळ्यांनी केली, कमी पगाराची, बहिरेपणाची, बायको गेल्याची. एक तू होतीस जिच्याकडे मी बरोबरीने पाहत होतो. सातवीतल्या पोरीशी मी बरोबरीने भांडलो होतो गणितावरून, आठवतं? तू माझं उत्तर खोडलं होतंस आणि मी तुला माझं पेन दिलं होतं. त्या पोरीने मला खोटी गवाही दिली.

मी मुख्याध्यापकांकडे जाऊन दगड काढायला सांगणार होतो. निघालोही. फाटकाशी ग्यानबा उभा होता. बाजाराचा दिवस. धोतराच्या सोग्याने दगड पुसत होता. मी तसाच परत आलो.

उत्तर पाठवू नकोस. तू काय लिहिशील त्यातलं खरं कोणतं हे मला आता कळणार नाही.

विष्णुपंत

~

पुणे,
१२ जुलै २०२५

सर,

तुम्ही नको म्हणालात तरी लिहिते आणि हाताने लिहिते. हे पाकीट रामकिशन आणून देईल. त्याला आत येऊ द्या.

अठरा फेब्रुवारीला मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. त्यात होतं की संख्या मूळ नाही आणि तिला २२८४७९ ने भाग जातो. आताही भागून पाहा. ते पत्र तुम्हाला मिळालं नाही. दोन ओळींचं टाइप केलेलं पत्र माझं नाही. ते कुणाचं आहे ते विचारू नका. ज्याने लिहिलं त्याला तुमचं जेवण तुटायला नको होतं. त्याच्यावर रागावलात तर मला वाईट वाटेल.

पण एप्रिलमधलं पत्र माझंच आहे. तुमची दोन एप्रिलची ओळ न् ओळ मी वाचली होती. तुम्हाला फसवलं गेलंय हे मला कळलं होतं. तुम्ही इतके आनंदात होतात की मी मान फिरवली. डोळ्यांची काळजी हे खोटंच होतं, मला तीनाची भीती वाटत होती. म्हणून तुम्ही मला जे म्हणालात त्यातलं निम्मं चूक आहे आणि निम्मं बरोबर. मी खोटी गवाही दिली नाही, पण खोट्या गवाहीखालचं माझं नाव पुसलंही नाही.

मी शनिवारी येते. तुम्ही मला ओसरीवरून हाकललंत तरी चालेल. पेन अजून माझ्याजवळ आहे.

दीपिका

~

परभणी,
२८ जुलै २०२५

दीपिका,

रामकिशन पाकीट घेऊन आला तेव्हा सर दवाखान्यात होते, आणि संध्याकाळी ते गेले. तू शनिवारी आलीस तेव्हा घरात एवढी माणसं होती की तुझ्याशी बोलता आलं नाही. तू ओसरीवरच उभी राहिलीस. मी आत ये म्हणाले होते, तुला ऐकू गेलं नसेल.

पाकीट मी काल फोडलं. सवयच. तू माझं नाव घेतलेलं नाहीस.

तुला एक सांगायचं आहे, न सांगता मला झोप येणार नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते शुद्धीवर होते. मी पाय चेपत होते. ते म्हणाले, "दीपिकानं खोटं सांगितलं. कुणीही सांगावं, तिनं नको होतं." मला पाटीवर लिहून दाखवता आलं असतं. पाटी उशाशीच होती, त्यांच्याशी बोलायला आम्ही तीच वापरायचो. मी पाय चेपत राहिले. मला वाटलं, या वेळी त्यांनी माझ्या हातातून पाय काढून घेतले तर?

म्हणून तुझ्यावरचा राग मनात घेऊनच ते गेले. तो माझा होता.

तू आता सगळ्यांना सांगू शकतेस. हे पत्रही दाखवू शकतेस. फक्त एवढंच की दगडावर तुझ्या वडिलांचंही नाव आहे.

सुनेत्रा

~

झरी,
२४ ऑगस्ट २०२५

दीपाताईस,

मी रामकिशन. आबा सांगायलेत आणि मी जसंच्या तसं लिहायलोय. फोन केला की तू कामात हाय म्हणून ठेवतीस, म्हणून आबा म्हणाले कागद धाड.

"दीपे, तुझी माय बरी हाय. मेंढरं पावसानं भिजून खोकायलीत, पर मरत न्हाईत. मी बाजाराला गेलतो. शाळेतल्या हेडमास्तरनं मला बलावलं. म्हणला, तुमच्या पोरीचं पत्र आलंय, दगडावरचं तिचं नाव काढा म्हणती. मी म्हणलो, माझी पोर लाजाळू हाय, तिचं मनावर घेऊ नका. तर त्यो म्हणला, तसं न्हाई ग्यानबा, आकड्यातच कायतरी खोट हाय आसं ती म्हणायलीय. मी म्हणलो, आमच्या मास्तरचा आकडा खोटा कसा आसंल. पोरीनं तपासलाय की. खाली लिव्हलंय की.

"मला वाचाय येत न्हाई, पर माझं नाव मला आता डोळं झाकून सापडतं. दर बाजाराला पुसतो. माझ्या बापाचं नाव कुठंच न्हाई, सातबाऱ्यावर बी न्हाई, आमी सदा दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसिवणारी माणसं. गावातली लोकं बघून आली. मास्तर गेले त्या दिवशी मी तिथं नारळ फोडला.

"हेडमास्तर म्हणला, पोरीला इचारून सांगा, मग काढायचं का ठिवायचं ते बघू. आता तू सांग. आकडा खरा हाय का खोटा? मला कुणी बी कायबी सांगतंय. तू सांगशील तेच खरं."

आबांचा अंगठा खाली हाय.

रामकिशन

~

पुणे,
१ सप्टेंबर २०२५

ती. आबा,

शि. सा. नमस्कार. मेंढरांना गूळ-हळद द्या आणि ओल्या जागेवर बसवू नका. मायला म्हणावं, दिवाळीला येते.

आकडा खरा आहे. हेडमास्तरांचा समज चुकला, मी त्यांना तसं लिहिते. नाव राहू द्या.

फक्त दर बाजाराला पुसायला जाऊ नका. पावसाळ्यात दगडाला शेवाळ येतं. येऊ द्या.

तुमची,
दीपा